दिवसा टॅली, रात्री व्हॅलोरंट : मेकॅनिकल कीबोर्ड निवडताना

मेकॅनिकल कीबोर्ड म्हटले की डोळ्यांपुढे रंगीबेरंगी दिवे, गेमिंगची खुर्ची आणि कानाला हेडफोन लावलेला पोरगा येतो. पण नांदेड-लातूरच्या लोकांनी हा कीबोर्ड त्याच्या कितीतरी आधी ऐकलेला आहे. बँकेच्या काउंटरवर, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, कोर्टाबाहेर दस्त टाइप करणाऱ्यांच्या टेबलावर जो जाडजूड, खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड दिसायचा, आणि अजूनही दिसतो, तो मेकॅनिकलच. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या या कीबोर्डात वर्षानुवर्षे चेरी या जर्मन कंपनीचे निळे स्विच येत. खेळणाऱ्यांनी जिला नवी चैन म्हणून डोक्यावर घेतले, ती वस्तू आपल्याकडे आधी कारकुनांच्या हाताखाली झिजली.

म्हणून निवड करताना मी सुरुवात कामापासून करतो, खेळापासून नाही. गेम दिवसात दोन तास. अडतीचा हिशेब, टायपिंगचा सराव, कॉलेजचे प्रोजेक्ट, सेवा केंद्रातले अर्ज हे सहा-आठ तास. शिवाय खेळाच्या गरजा जाहिरातीत दाखवतात तेवढ्या नसतात. कामाच्या, विशेषतः मराठीतल्या कामाच्या गरजा मात्र जाहिरातीत कुठेच सापडत नाहीत.

आत काय असते

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते. बटण दाबले की रबराची घुमटी बसते आणि खालच्या दोन थरांचा संपर्क होतो. बटण तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि दोन-तीन वर्षांत रबर मेले की नेमके आपल्याला लागणारे बटण अडते.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो : वरून खाली सरकणारी दांडी, खाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची पट्टी. चेरीच्या एमएक्स स्विचमध्ये दांडी एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर सुमारे २ मिलिमीटरवरच उमटते. म्हणजे तळ गाठायची गरज नसते. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. तो सवयीने दणकाच देतो आणि मग बोटांची अग्रे दुखतात म्हणून कीबोर्डाला बोल लावतो.

एमएक्सचा आराखडा १९८० च्या दशकातला. त्याचे पेटंट संपल्यावर गेटेरॉन, काइल, औटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले. आज दोन हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो तो त्यामुळे.

निळा, तपकिरी, लाल

स्विचचे रंग म्हणजे त्यांचा स्वभाव. निळा दाबला की बोटाला टप्पा लागतो आणि ‘टिक’ असा आवाज होतो. तपकिरीत टप्पा लागतो, पण टिक नसते. लाल सरळ खाली जातो, ना टप्पा ना टिक. चेरीचा लाल ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला लागतो. निळ्याला त्यापेक्षा बरेच जास्त बळ लागते. बाकी कंपन्यांनी हीच रंगांची भाषा उचलली, पण गुलाबी, पिवळे, पांढरे असे स्वतःचे रंगही काढले. त्यामुळे रंगावर न जाता तपशिलात लालसारखा ‘लिनिअर’, तपकिरीसारखा ‘टॅक्टाइल’ की निळ्यासारखा ‘क्लिकी’ ते वाचावे.

निळ्याची तक्रार नेहमी आवाजाची होते, आणि ती खरी आहे. लातूरला अभ्यासासाठी आलेली पोरे एका रूमवर तीन-तीन, चार-चार राहतात. एकाची नीट, दुसऱ्याची सीईटी, तिसरा पहाटे चारला उठणारा. तिथे रात्री अकराला निळे स्विच खडखडवले तर दुसऱ्या दिवशी कीबोर्ड खिडकीबाहेर असेल. अभ्यासिकेत तर विचारूच नका. याउलट वर पंखा, शेजारी कूलर आणि समोर गिऱ्हाइकांची गर्दी असलेल्या सेवा केंद्रात निळ्याचा आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही; उलट बटण लागले की नाही हे ऑपरेटरला मान वर न करता कळते.

आवाजाखेरीज निळ्याची एक कमी आहे, ती खेळताना जाणवते. त्याचे अक्षर जिथे उमटते त्याच्या बरेच वर गेल्याशिवाय स्विच पुन्हा तयार होत नाही. एकच बटण पटापट दोनदा मारायचे तर बोट जास्त वर उचलावे लागते. पत्र टाइप करताना याने काही बिघडत नाही. आडोशामागून डोकावून पुन्हा मागे सरकताना बिघडते.

लालची अडचण उलटी. तो इतका हलका, की बोट नुसते टेकले तरी अक्षर पडते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली माणसे बोटे मधल्या ओळीवर टेकवून ठेवतात. त्यांच्या मजकुरात मग भलतीकडे काने-मात्रा उगवतात.

माझे मत विचाराल तर : लिहिणे जास्त आणि खेळणे कमी असेल तर टप्पा असलेला, आवाज नसलेला स्विच, खेळणे निम्म्याच्या वर असेल तर लिनिअर, पण जरा जड स्प्रिंगचा, ५० ग्रॅमच्या पुढचा. रूम दुसऱ्याबरोबर असेल तर ‘सायलेंट’ प्रकार. त्यात दांडीला रबराचा छोटा तुकडा असतो. स्पर्श थोडा मऊ-चिकट लागतो, पण भांडण टळते.

मराठी टाइप करणाऱ्याचा हिशेब

आता जाहिरातीत न येणारा भाग. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी. भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात ती घेतली आणि आज विंडोजमध्ये ती आयतीच मिळते. तिच्यात स्वरचिन्हे बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. कुठलाही शूटर गेम डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर चालतो. इनस्क्रिप्टमध्ये याच चार बटणांवर अनुक्रमे दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि पाय मोडायचे चिन्ह बसलेले आहे. काना ई वर, दीर्घ वेलांटी आर वर. म्हणजे व्हॅलोरंटसारख्या शूटरमध्ये ज्या बटणाने बंदूक पुन्हा भरता त्याच बटणाने ‘पाणी’तला ‘णी’ पुरा होतो.

‘महाराष्ट्र’ टाइप करून पाहा. म, ह, काना, र, काना, शिफ्ट धरून ष, मग डी, मग ट, पुन्हा डी, मग र. दहा दाब, त्यांत डी दोनदा. मराठी गद्यात जोडाक्षरे पावलोपावली असतात, त्यामुळे दिवसभर शासकीय भाषेत अर्ज लिहिणाऱ्याचा डी खूप मार खातो, आणि रात्री उजवीकडे सरकायला पुन्हा तोच डी. दोन्ही कामे एकाच कीबोर्डावर केली की डाव्या हाताची ही पाच-सहा बटणे बाकीच्यांच्या कितीतरी आधी थकतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न या प्रमाणात येत नाही. यावरचा उपाय पुढे, स्विच बदलण्याच्या भागात आहे.

उजव्या हाताची करंगळीही मराठीत जास्त राबते. च, ट, ड, य ही नेहमीची अक्षरे इंग्रजीतल्या विरामचिन्हांच्या व कंसांच्या बटणांवर आहेत. ‘कृषी’तला ऋकार बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर, आणि ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्राचा काना उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर. ही बटणे काढून टाकलेले किंवा जागा बदललेले अतिलहान कीबोर्ड दिसायला गोंडस असतात, पण ते मराठीसाठी निरुपयोगी. परदेशातून कुणी भेट म्हणून उंच, उलट्या एल आकाराच्या एंटरचा कीबोर्ड आणला तर त्यात उलटी तिरपी रेघ डाव्या शिफ्टजवळ गेलेली असते. आपल्याकडे रुळलेला आडव्या एंटरचाच घ्यावा.

टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा असो की लिपिक-टंकलेखकाची कौशल्य चाचणी, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग गाठायचा असतो तो केंद्रावरच्या कीबोर्डावर, घरच्या नव्हे. केंद्रावर साधा रबरी कीबोर्ड पुढे येईल असे धरून चालावे. घरी पाच हजारांच्या मऊ लिनिअरवर महिनाभर हात बसवलेल्याला तिथे प्रत्येक बटण चिखलात रुतल्यासारखे वाटेल. परीक्षा तोंडावर असेल तर खरेदी पुढे ढकला, किंवा शेवटचे पंधरा दिवस जुन्यावर काढा.

बटणांवर देवनागरी अक्षरे हवीत का? इनस्क्रिप्ट शिकणाऱ्याला हवीत. स्टेशनरीच्या दुकानात स्टिकरचा कागद मिळतो. पण गेमिंग कीबोर्डाची अक्षरे आतल्या दिव्याने उजळतात. वर स्टिकर लावला की दिव्याचा उजेड अडतो, आणि खोलगट बटणावर त्याच्या कडा आठ-दहा दिवसांत उचलतात. पारदर्शक स्टिकर घ्यावा, किंवा दिव्याचा मोह सोडावा.

किती बटणांचा

पूर्ण कीबोर्डाला १०४ बटणे, रुंदी साधारण ४४ सेंटिमीटर. उजवीकडचा आकड्यांचा भाग काढला की ८७ बटणांचा, सुमारे ३६ सेंटिमीटरचा ‘टीकेएल’. त्याहून आटोपशीर ‘७५ टक्के’, आणि वरची एफ-ओळही काढलेला ६१ बटणांचा ‘६० टक्के’. खेळणारे लहानाकडे वळतात, कारण माउसला जागा मोकळी होते. रूमवरच्या दोन फुटी टेबलावर ही जागा खरोखर मोलाची असते.

पण लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन-तुरीची आवक सुरू झाली की अडत दुकानातल्या हिशेबनिसाला विचारा. शेतकऱ्याची पट्टी करायची म्हणजे कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे आकडेच. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये पेमेंट एफ-५, पावती एफ-६, विक्री एफ-८, खरेदी एफ-९. ६० टक्क्यांच्या कीबोर्डावर यातल्या प्रत्येकाला दोन बटणे दाबावी लागतील, आणि आकडे वरच्या ओळीत शोधावे लागतील. हिशेबाचे काम करणाऱ्याने आकड्यांचा भाग सोडू नये. जागेची अडचण असेल तर ‘९६ टक्के’ म्हणून प्रकार आहे. त्यात आकडेही असतात आणि बटणांमधली मोकळी जागा काढून रुंदी आवळलेली असते. दोन्ही कामांसाठी मला हाच आकार सर्वात सोयीचा वाटतो, दुकानात तो सहज दिसत नसला तरी.

डीटीपीवाल्यांनाही हेच लागू. क्रुतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये काही अक्षरे ऑल्ट धरून उजवीकडचे आकडे दाबल्यावरच उमटतात. वरच्या ओळीतले आकडे तिथे चालत नाहीत. लग्नपत्रिका आणि स्थानिक दैनिकांची पाने अजूनही जुन्या फाँटमध्ये लागतात त्या टेबलावर टीकेएल म्हणजे रोजची कटकट. बाकी विद्यार्थी, कोड लिहिणारे, युनिकोडमध्येच लिहिणारे यांना टीकेएल किंवा ७५ टक्के पुरतो.

आणखी एक बघून घ्यावे. कित्येक लहान बिनतारी कीबोर्डांत एफ-ओळ मुळात आवाज-उजेड कमीजास्त करायला लावलेली असते. ती कायमची एफ-ओळ करता येते का, हे घेण्याआधी विचारा. टॅलीवाल्यासाठी हा लहान प्रश्न नाही.

खेळाला खरोखर काय लागते

तीन गोष्टी. पहिली, एकाच वेळी दाबलेली सगळी बटणे नोंदवली गेली पाहिजेत. पुढे पळत, शिफ्ट धरून, उडी मारत काही वापरायचे म्हणजे चार-पाच बटणे एकदम. स्वस्त रबरी कीबोर्डात काही तीन बटणे एकदम दाबली की त्यांतले एखादे गिळले जाते. बहुतेक मेकॅनिकल गेमिंग कीबोर्डांत हे होत नाही. तपशिलात ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेले असते. ऑफिससाठी बनलेल्या मेकॅनिकलमध्ये मात्र ते गृहीत धरू नका.

दुसरी, कीबोर्डाने संगणकाला सेकंदाला किती वेळा खबर द्यायची. १००० हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा. ते भरपूर झाले. हल्ली ८००० हर्ट्झची जाहिरात होते. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत. तुमच्या घरून तिथवर पिंगच, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळच, ३०-४० मिलिसेकंद येत असेल तर एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ वाचवायला पैसे मोजणे म्हणजे शुद्ध हौस.

तिसरी, तार. ब्लूटूथवर लिहायला हरकत नाही, खेळू नये. बिनतारीच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घ्यावा. मी म्हणेन तारेचाच घ्या, स्वस्त पडतो.

मग चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्डांचे काय? नेदरलँड्सच्या वूटिंगने हा प्रकार खेळणाऱ्यांत रुजवला. यात धातूचा संपर्कच नसतो. चुंबक किती खाली आला हे सेन्सर मोजतो. बटण ०.१ मिलिमीटरवर लागावे की तीनवर, हे तुम्ही ठरवायचे. बोट जरा उचलले की बटण लगेच सुटते. स्पर्धेत उतरणाऱ्याला याचा फायदा आहे. पण अतिसंवेदनशील ठेवून त्यावर मराठी लिहायला बसाल तर पानभर नको ती अक्षरे मिळतील. कामासाठी २ मिलिमीटरचे वेगळे प्रोफाइल करून ठेवावे लागते. महागड्या गेमिंग कीबोर्डांमधून ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय आली, जिच्यात डावे-उजवे एकदम दाबले तरी शेवटचे दाबलेले खरे मानले जाते. काउंटर-स्ट्राइक २ या खेळात व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मनाई केली. पैसे मोजून घेतलेली सोय खेळात बंदच ठेवावी लागते ती अशी.

याहून उपयोगाची गोष्ट फुकट आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा बसवलेल्या विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. एकाच भाषेच्या दोन मांडण्या असतील तर कंट्रोल-शिफ्टने मांडणी बदलते. व्हॅलोरंटमध्ये शिफ्ट म्हणजे हळू चालणे, कंट्रोल म्हणजे वाकणे. ऐन चकमकीत दोन्ही दाबले जातात आणि पुढचा संदेश सोबत्यांना अगम्य जातो. सेटिंगमध्ये जाऊन हे दोन्ही शॉर्टकट बंद करा; भाषा बदलायला विंडोज-स्पेस पुरते. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर उगवणारी ‘स्टिकी कीज’ची खिडकीही त्याच बैठकीत बंद करून टाका.

दाबून न पाहता घ्यायचा तर

इथली खरी अडचण ही आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास कीबोर्ड मिळतात, पण चार प्रकारचे स्विच मांडून ‘दाबून पाहा’ म्हणणारे दुकान मिळणे कठीण. नांदेडची मंडळी रेल्वेने सिकंदराबादला जाऊन चेनॉय ट्रेड सेंटरचा संगणक-बाजार पालथा घालतात, लातूरकर पुण्याच्या फेरीत काम उरकतात. बाकीचे सगळे ऑनलाइन, म्हणजे व्हिडिओत आवाज ऐकून. मायक्रोफोनने गोड केलेला तो आवाज तुमच्या लोखंडी टेबलावर तसा येत नाही.

म्हणून एक अट मी सगळ्यांच्या वर ठेवीन : कीबोर्ड ‘हॉट-स्वॅप’ असावा. यात स्विच डाख देऊन जोडलेले नसतात, खोबणीत बसवलेले असतात. चिमट्याने स्विच ओढला, दुसरा बसवला, झाले. निळे घेतले आणि रूममेट ओरडला तर स्विच बदला, कीबोर्ड तोच. डी थकला तर एकच स्विच बदला. किंवा कधीच न लागणाऱ्या स्क्रोल लॉकचा स्विच काढून डी ला लावा आणि डीचा तिकडे टाका. मराठीत लिहून रात्री खेळणाऱ्याच्या डाव्या हाताचा प्रश्न असा पाच मिनिटांत मिटतो.

घेताना खोबणीचे बारकावे विचारा. काही स्वस्त कीबोर्डांची खोबण फक्त औटेमूच्या बारीक पायांसाठी असते. त्यात गेटेरॉन किंवा चेरी जबरदस्तीने घातला तर खोबण जाते. स्विच तीन पायांचे आणि पाच पायांचे असे दोन प्रकारचे असतात. पाच पायांची खोबण दोन्ही घेते. स्विच बसवताना त्याचे धातूचे पाय सरळ आहेत ना ते उजेडात पाहा, कारण वाकलेला पाय आत दुमडतो आणि आपण कीबोर्डच बिघडला समजतो.

जुना टीव्हीएस गोल्ड हॉट-स्वॅप नाही. तरी त्याचे बटण मेले तर भंगारात देऊ नका. एका स्विचला दोनच डाख असतात. चौकातला मोबाइल दुरुस्तीवाला याहून बारीक काम रोज करतो.

धूळ, घाम, चहा

मे महिन्यात नांदेड-लातूर दोन्ही शहरांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑक्टोबरपासून यार्डात पोत्यांची धूळ उडते. बटणे साध्या एबीएस प्लास्टिकची असतील तर घामाने सहा महिन्यांत गुळगुळीत चमकू लागतात. पीबीटीची खरखरीत राहतात. थोडे जास्त द्यावे लागले तरी तीच घ्यावीत. महिन्यातून एकदा बटणे काढून रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झाडा. रात्री वर जुने उपरणे टाका.

चहा सांडला तर आधी तार ओढा, मग कीबोर्ड पालथा करा, मग कपडा शोधा. बहुतेक जण हे उलट क्रमाने करतात. साखरेचा चहा स्विचमध्ये वाळला की दांडी चिकटते; हॉट-स्वॅप असेल तर तेवढे आठ-दहा स्विच नवे घालता येतात.

पैसे

साधारण दोन ते तीन हजारांत औटेमू स्विचचा, तारेचा, ठीकठाक कीबोर्ड मिळतो. साडेतीन ते सहा हजारांत हॉट-स्वॅप, पीबीटी बटणे आणि आवाज दाबणारा फोम एकत्र मिळतात. दोन्ही कामे करणाऱ्याने इथे थांबावे. त्याच्यावर गेलात की धातूचा सांगाडा आणि वजन मिळते. हिशेब आणि अर्ज हेच काम आणि खेळ नावापुरता असेल तर टीव्हीएस गोल्ड आजही वाईट नाही, फक्त घरात तान्हे मूल नसावे. दुकानातून घेताना पक्के बिल मागा. व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर बिल त्याच नावाने घ्या.

खोके उघडल्यावर

परत करायची मुदत थोडकीच असते, म्हणून पहिल्या संध्याकाळीच तपासणी उरका. बटणे तपासायची संकेतस्थळे आहेत. दाबलेले बटण पडद्यावर उजळते. सगळी एकेक दाबा. मग डब्ल्यू, ए, शिफ्ट, स्पेस आणि ई एकत्र धरा. पाचही उजळली पाहिजेत. एखादे बटण एकदा दाबून दोनदा उमटते का पाहा; नव्या स्वस्त कीबोर्डांत हा दोष अधूनमधून निघतो आणि तो मराठीत लवकर पकडता येतो, कारण दोन काने लागोपाठ पडले की दुसऱ्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. स्पेसबार डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला दाबून पाहा. एका बाजूला पत्रा वाजल्यासारखा आवाज आला तर स्पेसबारखालच्या आधाराच्या तारेला वंगण कमी आहे. तेवढ्यासाठी परत पाठवू नका, स्विचचे ग्रीस काडीने लावले की थांबतो. एखादे बटण मेलेले निघाले तर मात्र स्वतः उघडू नका. व्हिडिओ काढा, आणि खोके फेकलेले नाही ना ते बघा.